लांबलचक वैद्यकीय शब्द कसा फोडायचा आणि कसा म्हणायचा: बेळगावात नर्सिंग-लॅबला नव्याने येणाऱ्यांसाठी

खानापूर, निपाणी, येळ्ळूर, उचगाव, नाहीतर पलीकडच्या चंदगडातून मराठी माध्यमात दहावी करून बरीच मुलं-मुली बेळगावात नर्सिंग, लॅब टेक्निशियन किंवा फार्मसीला येतात. रक्त बघून घाबरणं आठवड्याभरात जातं. इंजेक्शन द्यायचा हात महिन्याभरात बसतो. फाईलवरचे शब्द मात्र वर्ष वर्ष छळतात. हिमोग्लोबिन सहज म्हणता येतं, पण थ्रॉम्बोसायटोपीनिया समोर आला की जीभ अडखळते, मग पोरगी तो शब्द पुटपुटून पुढं जाते. वर्गात हे खपतं. वॉर्डात ड्युटी बदलताना पुटपुटलेला शब्द पुढच्या सिस्टरच्या कानात भलताच पोहोचू शकतो, म्हणून हे नीट शिकून घ्यायला हवं.

माझं म्हणणं एवढंच आहे: हे शब्द पाठ करू नका, फोडायला शिका. आणि फोडताना शेवटाकडून सुरुवात करा. मराठी शाळेत समासाचा विग्रह केलेल्या कुणालाही हे जमतं. इंग्रजी माध्यमातली मुलं आपल्यापुढं आहेत असं वाटत असेल, तर ते मनातून काढून टाका. हे शब्द मुळात इंग्रजी नाहीतच. बहुतेक ग्रीक आणि लॅटिन तुकड्यांचे बनले आहेत आणि ते तुकडे त्यांनाही तितकेच परके आहेत.

पहिली पायरी: शब्द आधी देवनागरीत लिहा

एक वेगळी वही करा. डावीकडे इंग्रजी स्पेलिंग, उजवीकडे देवनागरी उच्चार. दोन्ही हवंच, त्याचं कारण पुढं येईल. उच्चार लिहिताना तुकड्यांमध्ये आडव्या रेघा मारा: थ्रॉम्बो-सायटो-पीनिया. मराठीत ॲ आणि ऑ या दोन खुणा आहेत, त्या सढळ हाताने वापरा. ‘गास्ट्रो’ नाही, ‘गॅस्ट्रो’. ‘नार्मल’ नाही, ‘नॉर्मल’. शहरातल्या कन्नड पाट्यांवर बँकेचं ‘ब्यांक’ होतं, कारण कन्नडात ॲसाठी अशी वेगळी खूण नाही. उलट कन्नडात ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ वेगळे लिहिता येतात, ते आपल्याकडं नाही. शेजारच्या बाकावरची मैत्रीण कन्नड माध्यमातली असेल तर दोघींनी एकच शब्द आपापल्या लिपीत लिहून एकमेकींना वाचून दाखवा. कुठं कुणाचा उच्चार घसरतो ते लगेच कळतं.

दुसरी पायरी: शेवट पकडा

आपल्या भागातली गावांची नावं बघा. पिरनवाडी, बेनकनहळ्ळी, नंदगड, खानापूर. गाव कधी पाहिलेलं नसलं तरी नावाच्या शेवटावरून वाडी आहे, हळ्ळी आहे की गड, एवढं कळतं. वैद्यकीय शब्दाचंही तसंच आहे. काय झालं आहे किंवा काय करायचं आहे, हे शेवट सांगतो. कुठं झालं, हे मधला भाग सांगतो. किती, कसं, कुठल्या बाजूला, हे पुढचा तुकडा सांगतो.

शेवट असे शिका. ‘आयटिस’ म्हणजे दाह: ती जागा लाल होते, सुजते, दुखते. ‘अल्जिया’ म्हणजे नुसतं दुखणं. ‘मेगॅली’ म्हणजे अवयव वाढणं, ‘पीनिया’ म्हणजे कमतरता, ‘इमिया’ म्हणजे रक्तातली गोष्ट, ‘युरिया’ म्हणजे लघवीतली. ‘स्कोपी’ म्हणजे नळी घालून आत बघणं, ज्याला आपल्याकडं सरसकट ‘दुर्बीण घालणं’ म्हणतात. ‘ग्राफी’ ही चित्र काढायची तपासणी आणि ‘ग्रॅम’ म्हणजे त्यातून हातात येणारं चित्र किंवा आलेख.

आता तीन जुळे शेवट. इथं वेळ द्या, कारण परीक्षेत आणि ऑपरेशनच्या यादीत सगळ्यात जास्त गोंधळ यांचाच होतो. ‘ऑटमी’ म्हणजे कापून उघडणं. ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढून टाकणं. ‘ऑस्टमी’ म्हणजे नवं तोंड करून देणं, वाट काढणं. ट्रेकिऑटमी म्हणजे श्वासनलिकेला छेद आणि ट्रेकिऑस्टमी म्हणजे तिथं श्वासासाठी केलेलं भोक. कोलेक्टमीत मोठं आतडं किंवा त्याचा भाग काढतात. कोलॉस्टमीत आतड्याचं तोंड पोटावर आणून तिथून शौचाची वाट करतात. पेशंटच्या पुढच्या आयुष्यात या दोन गोष्टींत केवढं अंतर आहे, ते वॉर्डात पिशवी बदलताना समजेल.

थ्रॉम्बोसायटोपीनिया शेवटाकडून वाचा. पीनिया: कमी झालंय. काय? सायटो: पेशी. कसली पेशी? थ्रॉम्बो: गुठळी करणारी. रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी कमी झाल्या. पावसाळ्यात डेंग्यूच्या पेशंटचे नातेवाईक ‘प्लेटलेट उतरल्या’ म्हणतात तेच हे.

तिसरी पायरी: सांध्यातला ‘ओ’ शोधा

शब्द लांब दिसला की त्यातले ओ मोजा. बहुतेक सांधे तिथंच असतात. गॅस्ट्रो म्हणजे जठर, हेपॅटो यकृत, नेफ्रो मूत्रपिंड, कार्डिओ हृदय, एंटेरो आतडं, ऑस्टिओ हाड, आर्थ्रो सांधा, हिस्टेरो गर्भाशय, न्यूरो मज्जातंतू, एन्सेफॅलो मेंदू. रोज पाच लिहिले तरी पुष्कळ झाले.

हा ओ कधी राहतो, कधी गळतो, याचा नियम सोपा आहे. शेवटचा तुकडा स्वराने सुरू होत असेल तर ओ गळतो: गॅस्ट्रो आणि आयटिस मिळून गॅस्ट्रायटिस. शेवट व्यंजनाने सुरू होत असेल तर राहतो: गॅस्ट्रोस्कोपी. पण दोन अवयवांच्या मध्ये असेल तर पुढं स्वर असला तरी तो राहतो, म्हणून गॅस्ट्रोएंटेरायटिस. जठर आणि आतडं दोन्हींचा दाह, म्हणजे जत्रेतलं काहीबाही खाऊन जुलाब-उलट्या होतात तो प्रकार. संधी शिकलेल्या मुलांना हा नियम एकदा सांगितला की पुन्हा सांगावा लागत नाही.

पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन सगळीकडं होतं, त्याचं नाव घ्या: कोलेसिस्टेक्टमी. कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टमी म्हणजे काढून टाकणं. पित्ताची पिशवी काढली. नुसते खडे असतील तर कोलेलिथायसिस, कारण लिथ म्हणजे दगड. पिशवीला दाह झाला तर कोलेसिस्टायटिस. एक शब्द फोडला की शेजारचे दोन फुकट मिळतात. पाठांतराने हे कधीच होत नाही.

चौथी पायरी: मुकी अक्षरं आणि बदलणारी अक्षरं

शब्दाच्या सुरुवातीला पी-एन आलं तर पी मुका: न्युमोनिया. पी-एस आलं तरी मुका: सोरायसिस, सायकिॲट्री. पी-टी असेल तर टोसिस, म्हणजे पापणी खाली लोंबणं. पण हीच जोडी शब्दाच्या मध्ये आली की पी बोलू लागतो: ॲप्निया, हिमॉप्टिसिस. सुरुवातीच्या एक्सचा उच्चार इंग्रजी झेडसारखा होतो. तो नुसता ‘झ’ लिहून साधत नाही, ‘जोर’ आणि ‘जहाज’ या शब्दांतल्या दंत्य ज च्या जवळचा तो आवाज आहे. मराठीत दोन ज असल्यामुळं आपल्याला तो अवघड जात नाही.

सी आणि एच एकत्र आले तर या शब्दांत बहुधा क होतो: कोले, क्रॉनिक, सायकिॲट्री. एकटा सी ई, आय, वाय यांच्यापुढं स होतो, एरवी क. म्हणून सिस्ट पण कार्डिओ. जी अक्षराचंही हेच. लॅरिंक्स म्हणजे स्वरयंत्र. त्याचा दाह लॅरिंजायटिस, कारण जी पुढं आय आहे. त्याची दुर्बिणीतून तपासणी मात्र लॅरिंगॉस्कोपी, कारण पुढं ओ आहे. इसॉफॅगस म्हणजे अन्ननलिका आणि तिचा दाह इसॉफॅजायटिस, तिथंही तेच. हे एकदा लक्षात आलं की मूळ शब्द तोच असून आवाज का बदलला, हा प्रश्न पडत नाही.

ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगची भानगड वेगळी. आपल्याकडच्या पुस्तकांत दोन्ही सापडतात. अन्ननलिकेचा शब्द एका पुस्तकात ओ पासून सुरू होतो, दुसऱ्यात ई पासून. सूज म्हणजे ईडीमा, त्याचंही तेच. शब्दकोशात एका अक्षराखाली सापडला नाही तर दुसऱ्याखाली बघा. उच्चार एकच आहे.

जोर कुठं द्यायचा, याबद्दल थोडं. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनाने म्हणतो, इंग्रजीत एका अक्षरावर भार पडतो. लॉजी, ग्राफी, स्कोपी, एक्टमी असे शेवट असतील तर भार शेवटून तिसऱ्या अक्षरावर येतो आणि तिथं ओ असेल तर त्याचा ऑ होतो. कार्डिओग्रॅममध्ये ओ, कार्डिऑलॉजीत ऑ, ते याच कारणाने. आयटिस, ओसिस, ओमा या शेवटांत भार त्यांच्याच पहिल्या स्वरावर. भार चुकला तरी बेळगावातला कुठलाही डॉक्टर शब्द समजून घेतो, त्यासाठी खजील व्हायचं काही कारण नाही. मधलं अक्षर गिळलं तर मात्र शब्द बदलतो. म्हणून आधी सगळी अक्षरं पुरी म्हणा, सफाई नंतर आपोआप येते.

पाचवी पायरी: एक राक्षसी शब्द हातात घ्या

इंग्रजी शब्दकोशांत सापडणारा सगळ्यात लांब शब्द म्हणून जो दाखवतात, तो फुफ्फुसाच्या रोगाचा आहे. इंग्रजीत 45 अक्षरं. देवनागरीत असा:

न्युमोनोअल्ट्रामायक्रोस्कॉपिकसिलिकोव्हॉल्केनोकोनिओसिस.

घाबरू नका. शेवट पकडा. ओसिस म्हणजे एखादी स्थिती, बहुधा रोगाची. त्याच्या आधी कोनि, ग्रीकमध्ये धूळ. म्हणजे धुळीने झालेला रोग. कसली धूळ? व्हॉल्केनो: ज्वालामुखीची. सिलिको: सिलिका असलेली, म्हणजे वाळूत-गारगोटीत असते ती. केवढी? अल्ट्रामायक्रोस्कॉपिक: साध्या सूक्ष्मदर्शकाच्याही पलीकडची बारीक. कुठं बसली? न्युमोनो: फुफ्फुसात. ज्वालामुखीची अतिसूक्ष्म सिलिकायुक्त धूळ फुफ्फुसात गेल्याने होणारा रोग. झालं.

आता म्हणायचं कसं. सहा घास करा:

न्यु-मो-नो / अल्-ट्रा / माय-क्रो-स्कॉ-पिक / सि-लि-को / व्हॉल्-के-नो / को-नि-ओ-सिस.

आधी फक्त शेवटचा घास म्हणा: कोनिओसिस. ओ वर जोर. मग त्याच्या आधीचा जोडा: व्हॉल्केनो-कोनिओसिस. मग सिलिको-व्हॉल्केनो-कोनिओसिस. असं मागून पुढं चढवत न्या. पुढून पाठ करणाऱ्याची गाडी दरवेळी मधे अडते, कारण शेवटाचा सराव सगळ्यात कमी झालेला असतो. मागून चढवलं तर जसजसं पुढं जाल तसतसा रस्ता ओळखीचा होत जातो. एकूण 19 अक्षरं बोलायची आहेत, एका श्वासात आरामात बसतात.

हा शब्द कुठल्या डॉक्टरने तयार केलेला नाही, हेही सांगायला हवं. शब्दकोड्यांचा नाद असलेल्या अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीगचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो 1935 मध्ये मुद्दाम लांब करून बनवला. फाईलवर तो कुणी लिहीत नाही. फाईलवर येतो न्युमोकोनिओसिस किंवा सिलिकोसिस, आणि तो आपल्याकडं खराच भेटू शकतो. बेळगावातल्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात फाउंड्र्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने, आहेत. साचे वाळूचे असतात, त्या वाळूत सिलिका असते. साचा फोडताना, ओतीव माल घासून साफ करताना बारीक धूळ उडते. खडी क्रशरवरही तेच. ही धूळ वर्षानुवर्षं श्वासातून आत गेली की फुफ्फुसात व्रण धरतात, ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, आणि अशा माणसाला टीबी होण्याचा धोकाही वाढतो. डॉक्टरने सरकारला कळवायच्या रोगांच्या कायद्यातल्या यादीत सिलिकोसिसचं नाव आहे. तेव्हा दम लागतो म्हणून आलेल्या माणसाला ‘काम काय करता?’ हा प्रश्न विचारायला विसरू नका. शब्दातला ‘कोनि’ तेच विचारायला सांगतो.

सहावी पायरी: सारखे दिसणारे शब्द वेगळे ठेवा

हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. हायपोग्लायसिमिया म्हणजे साखर उतरली, हायपरग्लायसिमिया म्हणजे साखर चढली. फोनवर, पंख्याच्या आवाजात, घाईत हे दोन्ही एकसारखे ऐकू येतात. म्हणून फोनवर नुसता शब्द सांगू नका. ‘हायपो, साखर कमी, आकडा अमुक’ असं तिहेरी सांगा आणि पलीकडच्याकडून पुन्हा म्हणवून घ्या. यात लाज कसली? जुने चांगले लोक असंच करतात.

डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिस्फेझिया म्हणजे बोलण्यात अडचण. युरेटर ही मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडं येणारी नळी, युरेथ्रा ही मूत्राशयातून बाहेर जाणारी. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, युरेथ्रातून घालतात, हे रोज डोळ्यांसमोर असतं, त्यावरून ही जोडी लक्षात ठेवा.

इंग्रजी स्पेलिंग डाव्या रकान्यात ठेवा म्हटलं होतं, त्याचं कारण आता. लहान आतड्याचा शेवटचा भाग इलियम आणि कमरेच्या हाडाचा भागही इलियम. देवनागरीत दोन्ही अगदी सारखे, कानालाही सारखे. इंग्रजीत मात्र आतड्याच्या इलियममध्ये मधे ई आहे, हाडाच्या इलियममध्ये आय. देवनागरी इथं साथ देत नाही. असे शब्द वहीत लाल शाईने लिहा.

फोडून निघालेला अर्थ दरवेळी पुरा असतो असंही नाही. ‘ओमा’ म्हणजे गाठ हे खरं, पण हिमॅटोमा म्हणजे मार लागून साचलेलं रक्त, तो कॅन्सर नव्हे. मायलो कधी मेरुरज्जू असतो, कधी हाडातला मगज. आणि मलेरिया फोडला तर इटालियनमध्ये ‘वाईट हवा’ निघतं. लोकांना तसंच वाटायचं. डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू रोनाल्ड रॉस यांना 1897 मध्ये सिकंदराबादेत सापडला, तोवर नाव रुळून गेलं होतं. तेव्हा फोडून अंदाज बांधा आणि एकदा पुस्तकात बघून खात्री करा.

सातवी पायरी: शब्द पेशंटपर्यंत नेताना

सिव्हिल हॉस्पिटलला असो की केएलई हॉस्पिटलला, एकाच वॉर्डात एका कॉटवर मराठी बोलणारी आजी, दुसऱ्यावर कन्नड बोलणारे अज्जा, तिसऱ्यावर उर्दू बोलणारी बाई. फाईलवरचा शब्द तिघांनाही परका. तुम्ही शब्द फोडायला शिकलात की त्याचा साधा अर्थ तिघांपर्यंत नेता येतो. कामाचे शब्द जवळच आहेत. आपण गर्भाशय म्हणतो, कन्नडात गर्भकोश. आपण फुफ्फुस म्हणतो, तिकडं श्वासकोश. मूत्रपिंड दोन्हीकडं मूत्रपिंडच. पोट म्हणजे होट्टे, दुखणं म्हणजे नोवु. एवढ्यावर अर्धं काम होतं.

निदान सांगणं मात्र डॉक्टरचं काम. नातेवाईक रिपोर्ट दाखवून ‘ताई, यात काय लिहिलंय हो?’ विचारतात. तेव्हा ‘काका, हे डॉक्टर राउंडला आले की विचारूया, मी थांबते तुमच्याबरोबर’ म्हणा आणि खरंच थांबा. शब्दाचा अर्धा तुकडा ऐकून लोक भलताच समज करून घेतात. न्युमोकोनिओसिस ऐकून न्युमोनियाच असेल, गोळ्या घेतल्या की बरा होईल, असं घरच्यांना वाटू शकतं. डॉक्टरांनी सांगितल्यावर तेच मराठीत पुन्हा सांगायचं काम तुमचं: ‘काका, हा न्युमोनिया नव्हे. धुळीने फुफ्फुसाला झालेला त्रास आहे. धुळीचं काम आता थांबवायला लागणार.’

आणि एक जोडी जी पेशंटला विचारल्याशिवाय लिहूच नये. हिमॉप्टिसिस म्हणजे खोकल्यातून रक्त, कारण प्टिसिस म्हणजे थुंकणं. हिमॅटेमिसिस म्हणजे उलटीतून रक्त, कारण एमिसिस म्हणजे ओकणं. पहिल्याचा शोध छातीत घ्यायचा, दुसऱ्याचा पोटात. पेशंट दोन्ही वेळेला ‘तोंडातनं रक्त आलं’ एवढंच सांगतो. तेव्हा पेन उचलायच्या आधी विचारा: ‘आजी, खोकताना आलं की ओकताना?’ कन्नड बोलणारे असतील तर ‘अज्जा, केम्मिनल्ली बंता, वांतियल्ली बंता?’ रंग लाल होता की काळपट, फेस होता का, अन्नाचे कण होते का, तेही विचारा आणि मगच दोनपैकी एक शब्द लिहा.